सुईआधीचं उभं राहणं

ऑगस्टच्या शेवटी दोह्यात, बिन महमूदमधल्या आमच्या क्लिनिकचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो. आतला गारवा काचांवर असतो आणि बाहेरची हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर येऊन बसते. पुसून उपयोग नसतो, पुसला की पुन्हा वाफ धरतो. जरा वेळ आंधळ्यासारखं जागेवर उभं राहायचं. काचा बाहेरच्या हवेइतक्या गरम झाल्या की आपोआप दिसायला लागतं. इथे नवीन आलेली माणसं धडपडतात, पायरी चुकतात. जुनी माणसं उभी राहतात. या दमटपणाला इथे रतूबा म्हणतात. अरबी शब्द, पण आमच्यात तो ऋतूच्या नावासारखा रुळलाय. गावाकडे "पेरण्या सुरू झाल्या" म्हणावं तसं इथले ड्रायव्हर लोक "रतूबा सुरू झाला" म्हणतात आणि कपाळ पुसतात.

परवा दारात अशीच उभी होते. मागून आमचे मॅनेजर आले. केरळचे आहेत, बोलतात गोड, पण बोलताना बघतात घड्याळाकडे. "मॅडम, एनी प्रॉब्लेम?"

"नाही. उभी आहे."

हे उत्तर त्यांना पुरलं नसावं, पण ते घाईत होते, ते कायमच घाईत असतात. मी मात्र गाडीत बसेपर्यंत मागच्याच्या मागचा रतूबा आठवत राहिले. नुसतं उभं राहायला मी त्या दिवसांत शिकले. इतकं जड शिक्षण मी दुसरं घेतलेलं नाही, आणि फिजिओथेरपीचं शरीरशास्त्र मी पहिल्या फटक्यात पास झालेली बाई आहे.

आमच्या धंद्यात माणूस अंगठ्यावर जगतो. पाठीतली गाठ, मानेतला ताठरपणा, टाचेतली कळ, सगळं अंगठ्याने शोधायचं आणि अंगठ्यानेच दाबून मोकळं करायचं. पुस्तकात कोपर वापरा, उपकरणं वापरा असं लिहिलेलं असतं. पण पेशंटला अंगठा हवा असतो. अंगठा लागला की त्याला वाटतं, कुणीतरी आपलं दुखणं बरोबर धरलं. मी वीसेक वर्षं असे अंगठे वापरले, आधी पुण्यात, मग दोह्यात. त्या वर्षी उजव्या अंगठ्याचा बुडाचा सांधा झिजला. बरणीचं झाकण उघडेना, पोळीचा गोळा दाबला की डोळ्यांत पाणी. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाले, "हा अंगठा आता कामावरून निवृत्त."

अंगठा निवृत्त झाला म्हणजे मीही झालेच की. नोव्हेंबरात माझा करार संपत होता. मॅनेजरांनी दोन रस्ते ठेवले. क्लिनिकला सुया टोचणारं माणूस हवं होतं, चिनी पद्धतीचं, ॲक्युपंक्चर. ते शिकले तर नवा करार. नाहीतर रिसेप्शनवर बसा, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या आहात. सुईला जोर लागत नाही हे मला माहीत होतं. दोन बोटांच्या चिमटीत धरायची, बस. मी हो म्हटलं. शिकवायला लिन बाई होत्या. त्यांनी सही दिली की पुढची परवान्याची परीक्षा पुस्तकी होती, ती मी कधीही दिली असती. अडत होतं ते सहीपाशी. आणि ऑक्टोबर संपला की लिन बाई कायमच्या आपल्या देशी परत जाणार होत्या.

लिन बाई साठीच्या, बारीक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. चीनमधल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावच्या. वडील गावचे वैद्य आणि तिथल्या देवळातले अर्धे पुजारी. ते देऊळ ताओ पंथाचं. त्या पंथात वैद्यकी आणि पूजा अशा वेगळ्या काढता येत नाहीत, असं त्या म्हणायच्या. सुई टोचण्याआधी हात धुणं हीसुद्धा त्यांच्याकडे पूजाच, आणि ती चुकली तर सुई चुकली. मी मनात म्हटलं, हात तर आम्हीही धुतो, साबणाने. पण मला सही हवी होती, म्हणून गप्प बसले.

त्यांचा देव औषधांच्या कपाटात होता. तिसऱ्या फळीवर, सुयांच्या खोक्यांच्या मागे, पोस्टकार्डाएवढं एक चित्र: लांब दाढीचे एक म्हातारे वैद्य आणि शेजारी वाघ. म्हाताऱ्याने म्हणे वाघाच्या घशात अडकलेलं हाड काढलं होतं. सकाळी कपाट उघडून लिन बाई क्षणभर डोकं झुकवायच्या. बघणाऱ्याला वाटावं, सुया मोजताहेत. पहिल्या दिवशी मीही झुकवलं. आमच्याकडे देवांची कमतरता नाही, एकाला आणखी नमस्कार घातल्याने काही बिघडत नाही. लिन बाईंनी माझ्याकडे तिरकं बघितलं. "वाघाला घाबरत नाहीस?"

"घरी एक आहे, दहावीतली," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. माझे विनोद इंग्रजीत नेहमीच पडतात.

परक्या मुलखात पूजा आवळून घ्यावी लागते, हे मला शिकवावं लागलं नाही. आमचा गणपती त्या वर्षीही वीतभर मातीचा होता, आरती दार लावून आणि टाळ्या हलक्या हाताने, विसर्जन बादलीत. लिन बाईंच्या गावी म्हणे रोग्यासमोर धूप, मंत्र, पिवळ्या कागदावर लाल शाईने काढलेली चिन्हं, घंटा. क्लिनिकमध्ये त्यातलं काही चालण्यासारखं नव्हतं. धूर झाला की छतातला अलार्म कोकलतो. मंत्र म्हटले तर पेशंट काय म्हणेल. म्हणून मंत्र ओठांच्या आत, चिन्ह कागदाऐवजी स्वतःच्या तळहातावर बोटाने काढायचं, आणि घंटा नाहीच. जे उरलं ते इतकं शांत होतं की पडद्यापलीकडच्या माणसाला काही चाललंय हे कळलंही नसतं. मला वाटायचं, एवढं उरलंय तर तेही सोडून द्यावं. लिन बाईंना वाटायचं, एवढंच उरलंय म्हणून ते सोडायचं नाही.

धुराचं काम गच्चीवर. दवण्याच्या जातीचं एक झुडूप असतं, ते वाळवून, कुटून, कापसासारखं करून त्याच्या कांड्या वळतात आणि पेटवून दुखऱ्या जागेजवळ शेक देतात. जोतिबाला वाहतात त्या आपल्या दवण्याचा हा चुलतभाऊ, पण वासाने अगदी दांडगा. गच्चीवर एसीच्या बाहेरच्या युनिटांची रांग, त्यांची घरघर, पाण्याच्या टाक्या, आणि पहाटेसुद्धा कपडे अंगाला चिकटवणारा तो रतूबा. त्यात मी हातात जळती कांडी धरून स्वतःच्या अंगठ्याला शेक द्यायला शिकले. कामावर जाण्याआधी कपडे बदलायचे तरी लिफ्टमध्ये लोक नाक मुरडायचे. घरी मुलीने पहिल्याच दिवशी दार उघडून विचारलं, "आई, व्हाय डू यू स्मेल लाइक अ कॅम्पफायर?"

"शिकते आहे."

"ॲट युअर एज?" म्हणून ती आत गेली. अल दुहैलच्या शाळेची बस गाठायची असते तिला. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच.

त्याच गच्चीवर श्वासाचे आवाज शिकले. प्रत्येक अवयवाला एक आवाज, तो उच्छ्वासाबरोबर हलकेच सोडायचा, की त्या अवयवातला कोंडलेला ताप निघून जातो. यकृतात राग साठतो, त्याला "शू". हृदयाला "हऽ". फुप्फुसाला "स्स". सगळ्यात शेवटी अख्ख्या अंगाला "शी". लिन बाई डोळे मिटून गंभीरपणे सोडायच्या आणि मीही सोडायची. मराठी घरात वाढलेल्या बाईने "शू" आणि "शी" हे दोन आवाज पहाटे गच्चीवर उभं राहून एकामागून एक काढायचे, यासारखी शिक्षा नाही. घरी केले तेव्हा नवरा बाथरूमच्या दाराकडे बघायला लागला.

आणि तानाजीरावांनी तर कहरच केला. हे आमचे जुने पेशंट, जत तालुक्यातले. उत्तरेला मदिनत अश शमालच्या बाजूला राहतात, ट्रेलर चालवतात, कुटुंब गावी. त्यांची मान डावीकडे वळायची बंद झाली होती. गाडी मागे घेताना बघायचं तर अख्खं धड फिरवायचे. लिन बाईंनी त्यांना यकृताचा आवाज काढायला सांगितला, मी भाषांतर केलं. ते पडूनच माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, ह्ये आवाज आमी पोरांना अंगणात बसवून करायचो."

"करा हो. राग जातो म्हणे त्याने."

"राग जाईल, पर दुसरं काय आलं म्हंजे?"

लिन बाईंनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, त्याला जमेल असं म्हणतो.

तानाजीरावांना सुया पसंत नव्हत्या. "तुमी अंगठा लावायच्या तवा बरं हुतं. डोळ्याम्होरं काजवं चमकायचं, पर मान सुटायची."

"अंगठा गेला माझा."

"गेला म्हंजे? हाय की हितं."

"दिसायला आहे. कामाला नाही."

"मंग आमच्या फोरमनसारखाच की ओ," ते म्हणाले.

आता त्या मुख्य गोष्टीकडे येते, ज्यापायी मी सगळा सप्टेंबर चिडचिडले. लिन बाई मला सुई देतच नव्हत्या. केळ्यावर टोचून झालं, कापसाच्या उशीवर झालं, स्वतःच्या पोटरीवर झालं. माझा हात स्वच्छ होता, बिंदू पाठ होते, शरीर मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. पण पेशंटला टोचण्याआधी त्याच्या शेजारी उभं राहायचं असतं, आणि तिथे माझी गाडी अडली. हात धुवायचे. रोग्याच्या बाजूला पाय रोवून उभं राहायचं. डाव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवर ठरावीक क्रमाने टेकवत न्यायचा. त्यांच्यात प्रत्येक पेरावर एक दिशा, एक तारा, एक रक्षण करणारा असतो. एक श्वास, एक पेर. तेवढ्यात मन रिकामं व्हायला हवं. मग रोग्याचा श्वास आपल्या श्वासाला येऊन मिळतो, आणि मग सुई.

मी उभी राहायची, अंगठा पेरांवर फिरायचा, आणि थोड्या वेळाने लिन बाई म्हणायच्या, "तू स्वयंपाक करते आहेस."

पहिल्यांदा मी हादरलेच. खरंच मी भेंडी चिरत होते, मनात. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "आता तू बाजारात आहेस." तेही खरं होतं. मला वाटलं, बाईला काही सिद्धी आहे. शेवटी विचारलं तेव्हा कळलं की सिद्धी वगैरे काही नाही. त्यांचा क्रम तर्जनीच्या बुडापासून सुरू होऊन हाताभोवती वळसा घालतो. माझा अंगठा दोनचार पेरं नीट जायचा आणि मग नकळत करंगळीच्या खालच्या पेरावर येऊन वर चढायला लागायचा. आपण हिशोब करतो तसा. दूध, पीठ, बसची फी, नवऱ्याच्या गोळ्या. लहानपणापासून आपल्या बायकांची बोटं त्याच कामाला जुंपलेली असतात. अंगठा पेराला लागला की यादी सुरू. लिन बाईंच्या बोटांवर तारे होते आणि माझ्या बोटांवर किराणा.

क्रम बदलायला मी खूप झगडले. घरी कुकरसमोर उभी राहून सराव केला. शिट्ट्या मोजायला लागले की अंगठा करंगळीवर. सिग्नलला सराव केला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला अजूनही वाटतं की ताऱ्यांचं वगैरे खरं खोटं करायला मी अपात्र आहे. पण एवढं कळलं की माझ्या अंगठ्याला रिकामं फिरणं ठाऊकच नव्हतं. तो दाबायचा तरी, नाहीतर मोजायचा.

मग एकदा जमलं असं वाटलं. तानाजीरावच टेबलावर होते. अंगठा बरोबर चालला होता, भेंडी नाही, बाजार नाही, सगळं पांढरं, चष्मा वाफ धरतो तसं. मी खूश. पुढच्या क्षणी माझ्या कोपराला लिन बाईंनी धरलं आणि तानाजीराव ओरडले, "ओ मॅडम, अंगावर पडताय की!" मी उभ्याउभ्या झोपले होते.

मला वाटलं, लिन बाई हसतील. त्यांनी माझ्या हातातला सुयांचा ट्रे काढून घेतला. म्हणाल्या, "झोप म्हणजे रिकामं होणं नव्हे. आमच्याकडे नियम आहे. फार थकलेल्याला टोचत नाहीत आणि फार थकलेल्याने टोचायचं नाही. तू आता वैद्याच्या जागी उभी राहू नकोस. तिकडे झोप."

"कुठे?"

"टेबलावर. पेशंट म्हणून. रोज."

मी त्यांना स्पष्टच सांगितलं. माझ्याकडे वेळ नाही, ऑक्टोबर तोंडावर आहे, मला पेशंट व्हायचं नाही, मला सही हवी आहे. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माहीत आहे," आणि टेबलावरची चादर बदलायला लागल्या.

थकलेल्याला टोचायचं नाही! मला हा नियम ऐकून हसूच आलं होतं. हा नियम दोह्यात लावला तर क्लिनिकला कुलूप लागेल. आमच्याकडे येतं कोण? दोन शिफ्टा करून आलेले क्रेनवाले. कराराच्या मुदतीपर्यंत लॅपटॉप उघडून बसणारी, मानेचं लाकूड झालेली आयटीतली पोरं. लहान मुलं सांभाळून नोकरी करणाऱ्या बायका, ज्या टेबलावर पडल्यापडल्या फोनवर शाळेला उत्तरं देतात. इथे दुखणं वेगळं आणि थकवा वेगळा असं काढून दाखवता येत नाही. आणि रतूब्यात तर थकवा कपड्यांसारखा अंगालाच चिकटलेला. सकाळी उठलं तरी कालचाच थकवा असतो, फक्त अंघोळ केलेला.

तरी मी झोपले. दुपारच्या सुट्टीत, पडद्याआड, बूट काढून. छताचा एक चौकोन एसीच्या गळतीने पिवळा पडला होता, त्याच्याकडे बघत. पहिले काही दिवस मी टेबलावरही कामच केलं. रात्रीची भाजी, पुढच्या पेशंटचा गुडघा. लिन बाईंच्या सपाता यायच्या, थांबायच्या. मग काही नाही. सुई नाही, शेक नाही, स्पर्शही नाही. त्या नुसत्या उभ्या. मला राग यायचा, की ही बाई माझी सुट्टी खातेय.

एका दुपारी, कुठली ते सांगता येणार नाही, मी मान जराशी वळवून त्यांच्याकडे बघितलं. डोळे अर्धवट मिटलेले, अंगठा सावकाश पेरांवरून चाललेला. त्यांना माझ्याकडून काहीच नको होतं. हे लक्षात यायला वेळ लागला, कारण याची सवय नव्हती. माझ्या वयाच्या बाईशेजारी जो येऊन उभा राहतो त्याला काहीतरी हवं असतं. मोजे, पासवर्ड, डब्याचं झाकण, कुणाला तरी फोन. पेशंटला तर हवंच असतं, त्याचे पैसे आहेत. कुणीतरी शेजारी उभं आहे आणि त्याला आपल्याकडून काही नको, हे अंगाला कळायला लागलं तेव्हा माझे खांदे टेबलाला टेकले. तोवर ते टेकलेलेच नव्हते. इतकी वर्षं लोकांना "खांदे सोडा, खांदे सोडा" सांगणारी मी.

रडू वगैरे आलं नाही. बहुतेक घोरले. उठले तेव्हा लिन बाई निघून गेल्या होत्या आणि टेबलाच्या कडेला कोमट पाण्याचा पेला ठेवलेला होता.

आता त्या इथे नाहीत. अधूनमधून फोनवर एखाद्या डोंगराचा फोटो येतो, शब्द नसतात. मी अंगठा वर केल्याचं चित्र पाठवते, तोच निवृत्त अंगठा. त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. अवयवांत राग आणि भीती साठते का, पेरांवर कुणी रक्षक बसतात का, या प्रश्नांपुढे मी माझं शरीरशास्त्र घेऊन उभी राहते आणि दोन्हींची गाठ पडत नाही. मॅनेजरांना तर हे सांगायची सोय नाही. एका पेशंटला ठरलेली मिनिटं, त्यात कपडे बदलणं, विचारपूस, सुया, बिल. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलंच, "मॅडम, सुईआधी तुम्ही काय करता? वेळ जातो." मी म्हटलं, पद्धतीचा भाग आहे, वगळला तर परवान्याला अडचण येईल. यातलं दुसरं वाक्य शुद्ध थाप होती. त्यांनी मान डोलावली. परवाना शब्दाला या देशात फार वजन आहे.

खरं कारण मी कुणाला सांगत नाही. पूर्ण दिवसात मला कुणी काही मागत नाही आणि मी कुणाला काही देत नाही, असा वेळ तेवढाच. पेशंटला त्याने किती फरक पडतो ते त्याने सांगावं. माझे पाय जमिनीला लागतात, एवढं मी सांगू शकते. संध्याकाळपर्यंत पुन्हा सुटतातच.

पण सही. ती कशी झाली ते सांगायचं राहिलं.

लिन बाईंचा क्लिनिकमधला शेवटचा आठवडा होता. रतूबा ओसरायला लागला होता, संध्याकाळी लोक खिडक्या उघडायचं बोलत होते, उघडत मात्र नव्हते. माझ्या नावाचा कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता. त्या मला म्हणाल्या, "आज दुपारी टोच. मी बघेन." पेशंट म्हणून तानाजीराव आले. थेट ड्यूटीवरून, डोळे लाल, शर्टावर मिठाचे नकाशे. टेबलावर पडतापडता म्हणाले, "मॅडम, आज काय ते करा. फोरमन म्हनला, मान वळत नसंल तर गाडीवर बसू नगं, वेअरहाऊसला मोजणी कर. मी काय मोजणी करायला आलोय का हितं?"

म्हणजे त्या टेबलापाशी एकाच दुखण्याची दोन माणसं होती, एक आडवं, एक उभं. मी हात धुतले. पाय रोवले. तर्जनीच्या बुडाला अंगठा टेकवला. लिन बाई कोपऱ्यात स्टुलावर. तानाजीराव आणखी दोन वाक्यं बोलले, तिसरं अर्ध्यात सोडलं, आणि त्यांचं तोंड उघडं पडलं. झोपले.

झोपलेल्याला टोचता येत नाही. सुई लागली का, कशी लागली, हे त्याने सांगायचं असतं. हलवून उठवणं सोपं होतं. उठवून, चटकन टोचून, सही घेऊन मोकळं व्हायचं. लिन बाई स्टुलावरून बघत होत्या. पण इतक्या जवळून मला तानाजीरावांचा श्वास ऐकू येत होता, उपसा करून दमलेल्या पंपासारखा. हा माणूस नियमात बसत नव्हता. मी उठवलं नाही.

पडदा हलला. मॅनेजर. "मॅडम, नेक्स्ट पेशंट वाट बघतोय."

"हा पेशंट अजून तयार नाही."

"मग खलास करा ना, पुढचा घेऊ. यल्ला, चला."

"नाही," मी म्हटलं. हळू आवाजात, पण त्यांना कळेल असं. पडदा पुन्हा बंद झाला. माझा नवा करार त्यांच्याबरोबर बाहेर चालत गेला असंही वाटलं, आणि वाटून ते वाटणं पुढे निघून गेलं. अंगठा पुढच्या पेरावर गेला. मग पुढच्या. बाहेर कुणीतरी खोकत होतं. किती वेळ गेला ते खरोखरच ठाऊक नाही. त्या वेळात मी भेंडी चिरली नाही, एवढं नक्की.

मग तानाजीरावांनी एक मोठा श्वास घेतला, ओठ मिटले, डोळे उघडून छताकडे बघत राहिले. शांत, पाणी पिऊन बसलेल्या बैलासारखे. मी विचारलं, "टोचू ना?" ते "हूं" म्हणाले. मानेसाठी बिंदू हाताच्या पाठीवर असतो, बोटांच्या हाडांमधल्या खळगीत. त्यांचा डावा हात माझ्या हातावर घेतला. सुई माझ्या झिजलेल्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत होती, आणि मी जोर लावला नाही. ती गेली. हलकेच फिरवली, तर आतून कुणीतरी तिला धरल्यासारखं वाटलं. तिथे हात थांबवला.

मग तानाजीरावांचा आवाज आला, छताला उद्देशून.

"मॅडम, टोचा की आता. दुसरी ट्रिप हाय माझी."

"टोचलंय."

"आँ? कुटं?"

"डाव्या हाताला. हात हलवू नका."

"आयला!" म्हणून त्यांनी बघायला मान डावीकडे वळवली. अर्धी वळली आणि तिथे अडली. आले तेव्हा तेवढीही वळत नव्हती. हातावर उभ्या राहिलेल्या त्या सुईकडे ते टक लावून बघत राहिले, कुणीतरी आपल्या शेतात न विचारता खांब रोवावा तसे. "कवा घातली हो?"

लिन बाई स्टुलावरून उठल्या आणि माझ्या कोटाच्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं.